निम्मी गाठवलेली माळ

दागिना गाठवून झाला की तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. आधी तो गळ्यात घालायला लावायचे. मग उभं राहायला, बसायला आणि शेवटी वाकायला. दोह्याच्या सोनेबाजारात, भरल्या दुकानात, चारचौघांसमोर बायका त्यांच्या सांगण्यावरून जमिनीवर नसलेली वस्तू उचलायच्या.

"अजून वाका. चूल फुकताय असं समजा."

"चाचा, आमच्याकडे चूल नाही."

"मग मशिनीतनं कापडं काढताय असं समजा की!"

वाकल्यावर माळ हनुवटीला लागली, किंवा पदक एका बाजूला कलंडलं, की ते हात पुढे करायचे. गाठ सोडून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक म्हणे, असू दे, चालेल. ते म्हणत, "तुमाला चालंल. माळंला चालत न्हाई."

सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणे. ते मूळचे कोल्हापूरकडचे, जातीने आणि कामाने पटवेकरी. दागिने घडवणं त्यांचं काम नव्हतं. घडवलेल्या मण्यांना दोरा, गाठ आणि गोंडा देऊन गळ्यात बसेल असं करणं हे त्यांचं काम. "सोनार दागिना करतो, तो माणसाचा आमी करतो," असं ते सोनाराच्या तोंडावर सांगत. दुकान एका गुजराती शेटचं होतं. चाचांना आतल्या बाजूला एक कोपरा दिला होता. तिथे ते चटईवर बसत. उजव्या पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास अडकवून दोरा ताणत आणि पीळ देत. त्या अंगठ्यावर खोल खाच पडली होती. शेट नव्या गिऱ्हाइकांना ती खाच दाखवायचे, आणि चाचा पाय पुढे करायचे.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती मंगळसूत्र तुटलं म्हणून. मी तेव्हा दोह्यातल्या एका इंग्रजी दैनिकात बातमीदार होते. आम्ही अल सद्दला राहत होतो. शेजारच्या नाशिकच्या बाईंनी पत्ता दिला आणि वर सांगितलं, "काम चांगलं करतात. पण वाकायला लावतात हं." माझ्या मंगळसूत्रात मुंबईच्या दुकानाने नायलॉनचा दोरा घातला होता. चाचांनी तो चिमटीत धरून वर उचलला, मेलेलं काहीतरी धरावं तसा.

"हे कुणी घातलं?"

"दुकानवाल्यांनी."

"मासं धरायचं हाय काय ह्यानं?"

नायलॉन तुटत नाही, पण मण्याला आतून कापतो, हे त्यांनी मला भिंगाखाली दाखवलं. मण्याच्या भोकाची कड एका बाजूने झिजली होती. भोकं वाचणं हे त्यांचं वेड होतं. कुठलीही जुनी माळ आली की ते मणी सुटे करून एकेक उजेडात धरत. कोणता मणी कोणाशेजारी बसत होता, माळ वर घट्ट बसायची की खाली लोंबायची, हे भोकाच्या कडा पाहून सांगत. एकदा एका बाईची बोरमाळ पाहून म्हणाले, "दोघींनी वापरलीया. पयली उंच हुती." माळ बाईंच्या सासूबाईंची होती. सासू उंच होत्या. त्यांना हे खरंच कळत असे की अंदाज होता, ते मी कधी तपासलं नाही. बातमीदाराने तपासायला हवं होतं.

दुसरी सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. दोरा ओवण्याआधी ते त्याचं टोक जिभेवर ठेवायचे, ओठात दाबून ओढायचे आणि मग मण्यात घालायचे. सुई क्वचितच वापरत. रेशमाला थुंकी लागली की टोक सुईसारखं होतं, असं म्हणत. दुकानात बसलं की ही हालचाल दर मिनिटाला दिसे.

विश्वचषकाची तयारी जोरात होती, ती वर्षं. अर्धं शहर खणलेलं होतं. अल थुमामाला स्टेडियम उठत होतं. रोज कुठला तरी रस्ता बंद असे, आणि टॅक्सीवाला "खलास, मॅडम, इथून पुढे नाही" म्हणून मध्येच उतरवून देई. आमच्या पेपरात रोज एक पान तयारीवर जाई. पान रोज भरावं लागे. जगभरातून पाहुणे येणार म्हणून लहानमोठी प्रदर्शनंही ठरत होती. त्यांतलं एक होतं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या प्राचीन दागिन्यांचं. कुणा परदेशी संग्राहकाने आपल्याकडच्या वस्तू उसन्या दिल्या होत्या. त्यांत एक माळ होती. सोन्याच्या पत्र्याचे पोकळ मणी, नारिंगी-लाल शिंपल्याचे मणी आणि निळसर हिरव्या दगडाचे मणी. मूळ सुती दोरा शेकडो वर्षांपूर्वीच कुजला होता. मधल्या काळात कुणा व्यापाऱ्याने ती नायलॉनमध्ये ओवली होती, आणि नायलॉन शिंपल्याला कापत होता. वस्तूंसोबत आलेल्या जतनतज्ज्ञ बाई सुती दोऱ्यात ओवणाऱ्या हाताच्या शोधात सोनेबाजारात आल्या. शेटनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. काम प्रदर्शनाच्या इमारतीतच करायचं होतं, म्हणून चाचांना तिथला पास मिळाला.

बाईंना स्पॅनिश येई, थोडं इंग्रजी. चाचांना मराठी, हिंदी आणि बाजारापुरतं अरबी. दोघांचं कसं जमलं हे मी पाहिलं आहे. त्या एक मणी पुढे करायच्या, ते भिंग लावायचे, मग दोघंही एकदम बोलायला लागायचे, आपापल्या भाषेत.

शिंपल्याचा मणी पहिल्यांदा हातात आल्यावर चाचा म्हणाले, "पवळं." बाईंनी मान हलवली आणि फोनवर काटेरी शिंपल्याचं चित्र दाखवलं. चाचांनी मणी तळहातावर तोलला. "व्हय. पवळं न्हाई. हलकं हाय."

सोन्याच्या पोकळ मण्यांना मात्र ते ओळखीच्या माणसासारखे भेटले. बोरमाळेचे मणी असेच पोकळ असतात, चिमटीत जोर लागला की चेपतात. बाई ते मणी चिमट्याने उचलत. चाचांनी तो चिमटा त्यांच्या हातून अलगद काढून घेतला आणि मणी बोटाच्या पेरावर घरंगळत कसा न्यायचा ते दाखवलं. त्यानंतर बाईही तसाच नेऊ लागल्या.

ही माळ बायकांचीच असेल असं काही नाही, कदाचित एखाद्या मोठ्या पुरुषाच्या गळ्यातली असेल, असं बाईंनी सांगितलं तेव्हा चाचा दोन दिवस अस्वस्थ होते. पुरुष वाकतो कसा, हे त्यांना पाहायचं होतं. खऱ्या माळेला कुणाच्या गळ्यात घालणं शक्य नव्हतं. मग त्यांनी मेणाचे मणी केले, त्याच मापाचे आणि जवळपास त्याच वजनाचे. ते ओवून दारावरच्या नेपाळी पहारेकऱ्याच्या गळ्यात घातले.

"झुको."

"चाचा, ड्युटी है."

"ड्युटी में ही झुको, भाई. राजा भी ड्युटी में ही झुकता होगा."

पहारेकरी वाकला. मेणाची माळ त्याच्या बिल्ल्यात अडकली. चाचांनी लांबी दोन बोटं कमी केली.

त्यांचं खरं काम मात्र भोकं वाचण्याचं होतं. व्यापाऱ्याने माळ ओवताना सोन्याचे सगळे मणी मधोमध घेतले होते आणि शिंपले-दगड कडेला लावले होते. आपल्याला सुचेल तसं. चाचांनी प्रत्येक सोन्याच्या मण्याची कड पाहिली. दोन्ही बाजूंनी सोनं घासलेलं होतं, आणि ते सोन्याने घासलेलं नव्हतं, कठीण दगडानेही नाही. म्हणजे प्रत्येक सोन्याच्या मण्याच्या दोन्ही अंगांना शिंपला होता. मधोमध बसणारे मणी, ज्यांची भोकं खालच्या बाजूने ओढलेली होती, तेही शिंपल्याचेच होते.

"हितं सोनं शिंपल्याच्या हाताखाली हाय," ते मला म्हणाले. "उलटं लावलंय त्या बाबानं."

मी हे बाईंना सांगितलं. त्या खुर्चीवर टेकल्या. त्या मुलखात हा शिंपला सोन्यापेक्षा मोलाचा होता, असं त्या म्हणाल्या. तो लांबच्या उबदार समुद्रातून पाणबुडे काढून आणायचे. व्यापाऱ्याची रचना चुकीची असावी, असं त्यांनाही वाटत होतं, पण हातात पुरावा नव्हता. त्यांनी त्याच दिवशी चाचांच्या सांगण्याप्रमाणे मण्यांचा आराखडा काढून घेतला. चाचांनी माळ ओवायला घेतली. रोज एका वाटीत मावतील तेवढेच मणी, त्याहून जास्त नाही.

ओवणं सुरू झाल्यावर मी तिथे दोनदा गेले. दोन्ही वेळा जे पाहिलं ते वहीत लिहून घेतलं होतं. ती वही माझ्याकडे आहे. त्यात असं आहे: काचेच्या वाटीत शुद्ध पाणी. दोऱ्याचं टोक ब्रशने ओलं करतात. अंगठ्याऐवजी टेबलाला लावलेला लाकडी खुंटा. तोंडावर डॉक्टरांचा मास्क.

मास्क त्यांनी स्वतः मागून घेतला होता. तेव्हा करोना यायचा होता, मास्क कुणी लावत नसे. बाईंनी कारण विचारलं तेव्हा ते लाजले. मला म्हणाले, "सांगा त्यास्नी, जिबंचा भरवसा न्हाई. चाळीस वरसांची सवय हाय. आड कापड आसलं की जीब आपली गप बसती."

बातमी लिहायला बसले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि पान सातला जायचं होतं. मजकूर ठीक होता. पण पहिलं वाक्य मिळत नव्हतं. मास्क घातलेला म्हातारा ब्रशने दोरा ओला करतो, यात वाचक थांबत नाही. मला दुकानातली ती हालचाल आठवली. मी लिहिलं, "दोन हजार वर्षांपूर्वीच्या मण्यात दोरा घालण्याआधी हा कारागीर त्याचं टोक जिभेवर ठेवतो, जसं त्याच्या आजोबांनी ठेवलं होतं." वाक्य इंग्रजीत याहून चांगलं होतं. संपादकांनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि कडेला "वा" असं लिहिलं. फोटोसाठी छायाचित्रकाराने चाचांना मास्क काढायला सांगितला होता, चेहरा दिसावा म्हणून. त्यांनी तो खिशात ठेवला आणि फोटो होताच पुन्हा लावला. छापलेल्या फोटोत मास्क नव्हता.

चाचांनी अंकाच्या बऱ्याच प्रती घेतल्या. एक शेटच्या काउंटरच्या काचेखाली गेली. एक नजमा भागातल्या त्यांच्या खोलीत भिंतीवर लागली. तिथे ते आणखी पाच जणांबरोबर राहत. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. दुकानात त्यांनी मला पूर्ण बातमी मराठीत वाचून दाखवायला सांगितली. मी दुसऱ्या वाक्यापासून सुरुवात केली.

चौथ्या दिवशी प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांचा मला फोन आला. ज्यांची माळ होती त्या संग्राहकांनी बातमी वाचली होती. व्यवस्थापकांनी नम्रपणे विचारलं, पहिल्या वाक्यात लिहिलंय तसं तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं का? मी म्हणाले, "मी जे पाहिलं तेच लिहिलं आहे." हे वाक्य खोटं नव्हतं. मी पाहिलं होतं, सोनेबाजारात, चटईवर, कुणाच्या तरी बोरमाळेवर. त्यांनी कुठे पाहिलं असं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्या दिवसांत विश्वचषकापर्यंतच्या बातम्यांसाठी बातमीदारांची तुकडी निवडली जात होती आणि माझं नाव विचारात होतं.

दुसऱ्या दिवशी चाचा दारावर गेले तर त्यांचा पास चालला नाही. ज्याच्या गळ्यात मेणाची माळ घातली होती त्याच पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. बाई बाहेर आल्या, त्यांचे दोन्ही हात धरले, बराच वेळ आपल्या भाषेत बोलल्या. चाचांना त्यातलं फक्त 'सॉरी' कळलं. माळ निम्मी ओवून झाली होती.

पुढे मी ती प्रदर्शनात पाहिली. दुसऱ्या कुणीतरी पुरी केली होती. वाद नको म्हणून असेल, व्यापाऱ्याच्या रचनेच्या जुन्या फोटोप्रमाणेच ठेवली होती. सोनं मधोमध. काचेसमोर उभे असलेले लोक त्या सोन्याचेच फोटो काढत होते.

पण त्याआधी, एका शुक्रवारी दुपारी, चाचा अल सद्दला आमच्या घरी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात खजुराचा डबा. सरबत घेतलं, माझ्या मुलीची चौकशी केली. ती त्यांना इंग्रजीत उत्तरं देत होती आणि ते प्रत्येक उत्तराला "शाब्बास" म्हणत होते. मग म्हणाले, "ताई, एक कागद लिवून पायजे. विंग्रजीत."

"कुणाला, चाचा?"

"त्या सायबास्नी. माज्याकडनं चूक काय झाली, येवडंच इचारायचं हाय. काम परत द्या म्हणायचं न्हाई. माळ तुटली तर कुठली गाठ ढिली ऱ्हायली ते बघाय लागतं, न्हाईतर पुढच्या माळंत तीच हुती. काय झालं ते कळलं तर बरं."

"काही कारणाने..." मी म्हणाले.

"मला वाटतंय, शिंपला मदी घ्या म्हणून हट्ट केला, ते आवाडलं नसंल," ते म्हणाले. "मी पटवेकरी. मोट्या लोकांची माळ, मी कोण सांगणार? बाई व्हय म्हणाल्या म्हणून मी बी चेकाळलो. तसं आसंल तर माफी बी लिवा."

मी लॅपटॉप उघडला. त्यांच्या नावाने एक नवा ई-मेल पत्ता तयार केला, कारण त्यांच्याकडे नव्हता. पत्र लिहिलं. मला पत्रं चांगली लिहिता येतात. "माझ्याकडून नेमकी कोणती चूक झाली हे कळवण्याची कृपा करावी, म्हणजे ती पुन्हा होणार नाही." शिंपल्याच्या आग्रहाबद्दल माफीही लिहिली. मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं. त्यांना ते फार आवडलं. "तुमच्या हाताला वळण हाय," म्हणाले. पाठवण्याचं बटण मी त्यांना दाबायला दिलं.

उत्तर सहा दिवसांनी आलं. सभ्य पत्र होतं, प्रश्नाला सरळ उत्तर देणारं. प्राचीन मण्यांना थुंकी लावल्याचं वृत्तपत्रात प्रसिद्ध झालं. संबंधित बातमीदाराने मजकुराला दुजोरा दिला. त्यामुळे संग्राहकांनी परवानगी मागे घेतली. शिंपल्याच्या जागेबद्दलचं त्यांचं निरीक्षण मोलाचं होतं आणि त्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. शेवटी लिहिलं होतं की बातमीतला तपशील चुकीचा असेल आणि वृत्तपत्राने तसं छापलं, तर संग्राहकांशी पुन्हा बोलता येईल. प्रदर्शनाला अजून दीड महिना आहे.

मी दुरुस्ती लिहून पाहिली. आमच्याकडे दुरुस्त्या दुसऱ्या पानावर तळाशी येत. एकाच वाक्यात बसली. संपादकांना पाठवण्यासाठी मेल तयार केला, त्यात ते वाक्य चिकटवलं. तो मेल मी तीन दिवस तसाच ठेवला. चौथ्या दिवशी विश्वचषकाच्या तुकडीची यादी लागली, माझ्या नावासकट. मग दुरुस्ती पाठवायला आता उशीर झाला आहे असं मी स्वतःला सांगितलं. उशीर झालेला नव्हता.

चाचा त्यानंतरच्या शुक्रवारी आले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर खरं पत्र होतं. त्यांनी आपलं इंग्रजीतलं नाव ओळखलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"वाचा."

मी वाचू लागले. "आपण केलेल्या कामाबद्दल आम्ही आभारी आहोत. आपल्याकडून कोणतीही चूक झालेली नाही. माळेचं उरलेलं काम तिच्या मालकांच्या देशात करायचं ठरल्यामुळे आपलं काम थांबवावं लागलं. शिंपल्याबद्दलचं आपलं निरीक्षण मोलाचं होतं."

शेवटचं वाक्य तेवढं पत्रात होतं.

त्यांनी नावावरचं बोट काढलं. मग डोळे पुसले, हसले. "म्हंजी चूक न्हवती."

"नव्हती, चाचा."

"मला रातीला झोप न्हवती, ताई. सारकं वाटायचं, काय केलं मी. घरात बायकूला बी सांगितलं न्हाई." त्यांनी खिशातून फोन काढला, त्यावर काहीतरी शोधलं आणि तो टेबलावर, लॅपटॉपशेजारी ठेवला. "ह्यात आवाज भरतोय. परत एकदा वाचा की. तिला पाटवतो. सावकाश वाचा, तिला जरा कमी ऐकू येतंय."

लाल ठिपका लुकलुकायला लागला. मी पडद्याकडे बघत पुन्हा वाचलं, सावकाश, पहिल्या शब्दापासून. पहिल्या वेळेपेक्षा एक शब्दही बदलला नाही.